दोनशे एक्केचाळिसावे पाकीट

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. घरात पाकिटे : दोनशे एक्केचाळीस.

यांपैकी दोनशे चाळीस पाकिटे सूनबाईने मागितली होती. वरचे एक कशासाठी, हे घरात फक्त एकाच माणसाला ठाऊक होते. आणि तो माणूस त्या वेळी हातात पोलादी पट्टी घेऊन पाकिटांच्या कडा मोजत होता.

"बाबा, पाकिटं कंपनीकडूनच आलीत. सगळी सारखीच असणार," सूनबाई म्हणाली.

"'असणार' हा शब्द तपासणीत चालत नाही," मायक्रॉनकाका म्हणाले.

काकांना हे नाव कारखान्याने दिले होते. तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षे त्यांनी एकच काम केले : दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत दोष शोधणे. केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा फरक दिसला तरी ते माल परत पाठवत. निवृत्त झाल्यावर कारखान्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि घराने तो आत ओढून घेतला.

सूनबाईची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती. घरी बसणे तिच्या स्वभावात नव्हते, म्हणून तिने चेहऱ्याला लावायच्या लेपाची घरोघर विक्री करायचे ठरवले. पांढरी मऊ पूड. पाण्यात कालवायची, चेहऱ्यावर थापायची आणि वीस मिनिटे गप्प बसायचे. कंपनी पुडीचा डबा आणि कोरी पाकिटे पाठवत असे. नमुने भरणे विक्रेतीने करायचे. बुधवारी सकाळी आसपासच्या तीन इमारतींत दोनशे चाळीस नमुने वाटायचे, दुपारी चार वाजता तळमजल्याच्या सभागृहात प्रात्यक्षिक करायचे आणि कंपनीच्या विभागप्रमुख बाईंच्या देखत किमान पंचवीस मागण्या मिळवायच्या. मिळाल्या, तर हा सगळा भाग सूनबाईचा. चोवीस मिळाल्या, तर पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका बाईचा.

"तू निर्धास्त राहा," काका म्हणाले. "या घरातून एक जरी सदोष पाकीट बाहेर पडलं, तर मी माझं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवीन."

काकूंनी त्या प्रमाणपत्राकडे एकदा पाहिले आणि मग न्हाणीघराच्या दाराकडे पाहिले.

"ते उतरवाल तेव्हा उतरवा. बेसिनखालची फट आधी बुजवा. मुंग्यांची रांग लागलीय. पांढरं सिमेंट आणून सहा महिने झाले."

"फटीचा आराखडा अजून पूर्ण व्हायचा आहे."

"करंगळीच्या पेराएवढी फट आहे हो."

"म्हणूनच अचूक हवा."

काकांनी टेबलाचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात ते स्वतः, पुढ्यात तराजू : प्रत्येक पाकिटात बरोबर बारा ग्रॅम. दुसऱ्या भागात सूनबाई, पाकिटाचे तोंड चिकटवायच्या यंत्रासह. तिसऱ्या भागात, खिडकीच्या उजेडात, काकू : अंतिम तपासणी. काकूंसमोर एक नोंदवही होती, तिच्यात काकांच्या हाताने आखलेले तीन रकाने होते : पाकीट क्रमांक, दोष, काय केले. शेजारी एक पत्र्याचा डबा होता, त्यावर 'नापास' अशी चिठ्ठी.

"नियम लक्षात ठेव," काका काकूंना म्हणाले. "तपासनिसाने बोलायचं नाही. दोष दिसला की नोंदवायचा. वाद नाही, चर्चा नाही."

"बोलायचं नाही?"

"एक अक्षरही नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पेन्सिलीला टोक केले.

आता त्या जादा पाकिटाविषयी. कारखान्यात काकांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. तपासनीस जागा आहे की पेंगतो आहे, हे कळावे म्हणून ते चांगल्या मालात गुपचूप एक मुद्दाम बिघडवलेला नग सरकवत. तपासनिसाने तो पकडला, तर त्याची पाठ थोपटत. सुटला, तर त्याची बदली होई. निवृत्तीने माणसाचा पगार थांबतो. खोड थांबत नाही. सकाळी सहा वाजता सर्वजण झोपेत असताना काकांनी एका पाकिटात बरोबर बारा ग्रॅम पांढरे सिमेंट भरले, त्याचे तोंड चिकटवले आणि ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. रंग तोच, वजन तेच. फरक एवढाच की सिमेंट जड असल्यामुळे पाकीट किंचित चपटे लागत होते. अकराच्या सुमारास सूनबाईला फोन आला, ती उठली, आणि काकांनी ते पाकीट एकशे सदतिसाव्या जागी हळूच रांगेत सोडले.

काकू ते नक्की पकडतील, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी काकूंच्या निवडलेल्या तांदळात पाच खडे मोजून टाकले होते. काकूंनी सहा काढून दिले होते. त्यानंतर अकरा दिवस त्या काकांशी बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी काम संपले. भरलेली पाकिटे पिशव्यांत गेली, आणि नोंदवहीही काकांच्याच आग्रहाने सूनबाईच्या पिशवीत गेली. मालाबरोबर कागद गेलेच पाहिजेत, हा त्यांचा जुना दंडक. 'नापास' डब्याला त्यांनी चिकटपट्टी लावली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडायचा. त्याच दिवशी उघडला की माल करणारा आणि माल तपासणारा हातघाईवर येतात, हे त्यांनी कारखान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

बुधवारी सकाळी दहा वाजता त्यांनी चष्मा पुसला, चिकटपट्टी सोडवली आणि डबा उघडला.

डबा रिकामा होता.

त्यांनी तो उलटा केला. आत बोट फिरवले. झाकणाच्या आतली बाजूही पाहिली, जणू बारा ग्रॅम सिमेंट वटवाघळासारखे तिथे लटकत असेल. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

सूनबाई नऊलाच बाहेर पडली होती. याचा अर्थ त्या क्षणी, तीन इमारतींतल्या दोनशे चाळीस-एक्केचाळीस घरांपैकी कुठल्यातरी एका घरात, आरशासमोर एक निष्पाप बाई सिमेंटचे पाकीट ठेवून दुपारची वाट पाहत होती. पांढरे सिमेंट पाऊण तासात धरू लागते. काकांना त्याचे सगळे आकडे पाठ होते आणि आयुष्यात प्रथमच त्यांना पाठांतराचा पश्चात्ताप झाला. त्यांच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला : पांढरा, गुळगुळीत, भुवयांसकट कायमचा आश्चर्यचकित.

समोर खुर्चीत काकू स्वेटर विणत होत्या. त्यांना एक प्रश्न विचारला असता, तर सगळे तिथेच मिटले असते. पण तो प्रश्न विचारणे म्हणजे 'मी तुझी परीक्षा घेतली' असे कबूल करणे. पाच खड्यांना अकरा दिवस, तर बारा ग्रॅमला किती, हे त्रैराशिक मनात मांडताच काकांच्या तोंडचे पाणी पळाले.

"काय शोधताय?" काकूंनी मान वर न करता विचारले.

"डबा."

"डबा तुमच्या हातात आहे."

"हो. सापडला."

"न्हाणीघरात गेलात तर बेसिनखाली पाय लावू नका. ओलं आहे."

काकांच्या कानांपर्यंत ते वाक्य पोचले, पण आत कोणी घेणारे नव्हते. त्यांनी गॅलरीत जाऊन सूनबाईला फोन लावला.

"बाबा, दोनशे संपली," तिकडून इतका आनंदी आवाज आला की काकांनी योजलेले वाक्य बदलले. "लोक इतकं छान बोलतायत ना. विभागप्रमुख बाई चारला येताहेत. बाबा, तुमच्यामुळे जमतंय हे. त्यांना नोंदवही दाखवणार आहे मी."

"कोणी... लावून पाहिलं का?"

"आत्ता कोण लावतंय? जेवणं झाली की दोन-तीनला लावतील. का हो?"

"सहज. आकडेवारी."

फोन ठेवल्यावर त्यांनी हिशेब केला. धोका दोनशे एक्केचाळिसात एक. सामान्य माणसाला या अपूर्णांकाने धीर आला असता. पण काकांचे आयुष्य त्या 'एक'च्याच मागे गेले होते, आणि तो नेहमी नको त्या ठिकाणी नको त्या वेळी गळून पडतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी पिशवीत भिंग, स्वयंपाकघरातला तराजू आणि पाण्याची बाटली घेतली आणि दबक्या पावलांनी दार ओढून घेतले.

पहिल्या इमारतीत पहिले दार शिंपीणबाईंचे. गळ्यात मोजमापाची फीत, तोंडात दोन टाचण्या.

"सकाळी सुनेनं जे पाकीट दिलं, ते जरा परत मिळेल का?" काका म्हणाले.

शिंपीणबाईंनी टाचण्या काढल्या. "फुकट दिलेलं परत? काका, तुमच्याकडे बरीच ओढाताण दिसतेय."

"तसं नाही. एका पाकिटात चुकून... वेगळी वस्तू गेलीय."

"वेगळी म्हणजे?"

"ते सांगता येणार नाही."

"मौल्यवान आहे का?"

काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि आवाज कापत होता. "बाई, ती वस्तू मला परत मिळाली, तर मी वाटेल ते द्यायला तयार आहे."

शिंपीणबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले, जसे कापड पुरेल की नाही ते पाहतात. मग आपले पाकीट आणून चिमटीत धरूनच त्यांना दाखवले. काकांनी ते बोटांत घोळवले. जाडजूड, मऊ. लेपच होता.

"हे नाही," ते म्हणाले आणि जिना चढू लागले. मागे दार लागले आणि लगेच फोनचे आकडे दाबल्याचा बारीक आवाज आला.

पुढच्या तासाभरात काकांनी चौदा दारे वाजवली आणि नऊ पाकिटे मिळवली. कुणाला 'वजन तपासायचे आहे' सांगितले, कुणाला 'बदलून देतो' म्हटले. दहाव्या पाकिटाची मालकीण, रात्रपाळी करून आलेली परिचारिका, दाराच्या फटीतून एक डोळा दाखवून म्हणाली, "काका, नाडी बघू तुमची." त्यांनी नकळत हात पुढे केला. "एकशे अठरा," ती म्हणाली. "तुम्हाला लेपाची नाही, पडून राहायची गरज आहे." आणि दार लागले. पाकीट आतच राहिले.

बोटांवर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. भीतीने घामेजलेल्या चिमटीत प्रत्येक पाकीट चपटे लागत होते. ते इमारतीमागच्या बागेत बाकावर बसले, नऊ पाकिटे फोडली, नऊ कागदी पेल्यांत पाणी घालून कालवली आणि समोर घड्याळ ठेवले.

रखवालदार चक्कर मारत आला. "काय चाललंय, काका?"

"वाट पाहतोय."

"कशाची?"

"यांतलं कुठलं दगड होतं त्याची."

रखवालदाराने नऊ पेल्यांकडे पाहिले, काकांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि तो आला तसाच, पाठ न वळवता, मागे मागे चालत गेला.

पाऊण तासात एकही दगड झाला नाही. पहिल्या इमारतीतली उरलेली दारे पालथी घालेपर्यंत दीड वाजला. काका दुसऱ्या इमारतीत शिरले आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर थबकले. सगळी दारे अर्धी उघडी होती. प्रत्येक दारात एक बाई, प्रत्येकीच्या मुठीत एक पाकीट.

"आले," कोणीतरी म्हणाले.

"काका, माझं वजन तेरा ग्रॅम भरलं. म्हणजे अंगठी असेल का?"

"अंगठी नाही, नाणं आहे. शिंपीणबाई म्हणाल्या."

"माझं मी उन्हात धरून पाहिलं, काही दिसत नाही. सोनं दिसतं का हो पाकिटातून?"

काकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "तुम्ही समजताय तसं काही नाही," ते म्हणाले. "मला फक्त पाकिटं पाहू द्या."

सगळ्या मुठी एकदम पाठीमागे गेल्या.

"म्हणजे खरंच आहे," पहिल्या मजल्यावरची एक आजी समाधानाने म्हणाली. "नाहीतर या वयात कोण इतके जिने चढतं?"

"निदान लावू नका," काका कळवळून म्हणाले. "चार वाजेपर्यंत कोणी चेहऱ्याला लावू नका. फोडूही नका."

"चारला सगळ्यांसमोर फोडायचं आहे का? असं आधी सांगायचं ना."

हे ऐकून भीतीतही काकांना किंचित हायसे वाटले. सोन्याच्या आशेने कोणी पाकीट फोडणार नसेल, तर सोन्याची आशा असू द्यावी. ते मान हलवून खोटे बोलले. त्या दिवसातले सर्वांत मोठे खोटे. बातमी तिसऱ्या इमारतीत त्यांच्या आधी पोचली. ते वर चढत राहिले आणि प्रत्येक दारातून तेच उत्तर मिळत राहिले : "आमचं बंदच आहे. चारला आणतो."

तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी एकच दार उरले. वरचा मजला, उजवी बाजू, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या कुणाशी फोनवर गप्पा मारत नसत, त्यामुळे त्यांच्यापर्यंत सोने पोचलेले नव्हते. दारावर सुवाच्य अक्षरात कागद लावला होता :

'लेप लावला आहे. घंटा वाजवू नये. उत्तर मिळणार नाही.'

काकांनी कागद दोनदा वाचला. मग दारातल्या पत्रपेटीची झडप उचलून तोंड आत घातले.

"बाई, घाबरू नका. चेहरा ओढल्यासारखा होतोय का?"

आतून आवाज आला : "म्म्."

"थोडासा की फार?"

"म्म्म्म्."

"तोंड उघडता येतंय का? येत असेल तर एकदा 'हो' म्हणा."

काकांनी झडपेला कान लावला. मग कडी वाजली, दार उघडले आणि समोर तो चेहरा उभा राहिला. नुसता पांढरा नव्हे. गुळगुळीत, चकाकता, रेषाविरहित. ओठांच्या जागी एक सरळ फट. त्यात फक्त दोन डोळे जिवंत होते आणि ते अत्यंत नाराज होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटले, दाराला कुलूप लावले, काकांना 'मागे या' अशी खूण केली आणि ताठ मानेने जिना उतरू लागल्या.

त्या सभागृहाकडे निघाल्या होत्या. सगळ्या लोकांना दाखवायला.

काका मागे चालत होते. मान ताठ आहे, याचा अर्थ सिमेंट मानेपर्यंत गेले आहे, असे त्यांनी अनुमान काढले. प्रत्येक पायरीवर त्यांना एकेक गोष्ट हातातून निसटताना दिसत होती : सूनबाईचा भाग, तिचा सकाळचा आवाज, काकूंचे पुढच्या कित्येक वर्षांचे बोलणे. पण तो चेहरा पुढे चालत होता आणि तो वाचवायला दहा मिनिटेही उरलेली नव्हती.

सभागृहात साठ-सत्तर बाया बसल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर न फोडलेले पाकीट. पुढे टेबलाशी विभागप्रमुख बाई बसल्या होत्या, त्यांच्या हातात नोंदवही होती, आणि शेजारी उभी असलेली सूनबाई गर्दी पाहून इतकी फुलली होती की काकांना क्षणभर परत फिरावेसे वाटले. शेवटच्या रांगेत काकू होत्या, विणकाम घेऊन.

पांढरा चेहरा आत आला. सगळ्या वळल्या.

"कोणी हसू नका," काका दारातूनच म्हणाले. आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा निघाला. "आणि बाईंना हसवू नका. तडा जाईल."

"बाबा?" सूनबाई म्हणाली.

"तो लेप नाही. ते पांढरं सिमेंट आहे."

पहिल्या रांगेतल्या बायांनी मांडीवरची पाकिटे हात लांब करून धरली.

एकदा झाकण उघडल्यावर काकांना ते लावता येईना. त्यांनी सगळे सांगितले, क्रमवार, वेळांसह : सकाळी सहा, बारा ग्रॅम, एकशे सदतिसावी जागा, रिकामा डबा. "यात सुनेचा काही दोष नाही. माल उत्तम आहे. दोष मी स्वतः घातला. तपासनीस जागा आहे का, ते पाहायला." 'तपासनीस' म्हणताना त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिले नाही. "आता चर्चा नको. कोमट पाणी आणा. मी छिन्नी घेऊन येतो."

छिन्नी हा शब्द ऐकताच पांढऱ्या चेहऱ्यावर नाकापासून कानापर्यंत एक लांब भेग पडली. कोणीतरी "अगं बाई" म्हणून डोळे झाकले. मग दुसरी भेग पडली, हनुवटीचा तुकडा खाली पडला आणि आतून ठणठणीत आवाज आला.

"पाकिटाबरोबरच्या चिठ्ठीवर वीस मिनिटं बोलू नये असं लिहिलंय. चौदाच झाली होती. तुम्ही सहा मिनिटं वाया घालवलीत माझी."

त्यांनी रुमालाने गाल पुसला. गाल गुलाबी आणि तुकतुकीत होता. चार-पाच बाया उठून जवळून पाहायला आल्या.

"म्हणजे सिमेंट अजून बाहेरच आहे," काकांनी खाली बसत म्हटले. त्यांच्या भीतीला नवीन पालवी फुटली. समोर साठ-सत्तर पाकिटे, बाकीची घरोघर. "कोणी लावू नका. मी प्रत्येक..."

"एक मिनिट," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. त्यांचे बोट नोंदवहीवर होते. "एकशे सदतीस म्हणालात ना? इथे नोंद आहे." आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली. "पाकीट क्रमांक एकशे सदतीस. दोष : आत पांढरे सिमेंट. काय केले : बेसिनखालची फट बुजवली."

सभागृहाच्या कडेकडेने हसू सुरू झाले.

काकांनी अखेर शेवटच्या रांगेकडे पाहिले. काकू सुईवरचे टाके मोजत होत्या.

"तुला कळलं होतं?"

"हातात घेतल्याबरोबर."

"मग बोलली का नाहीस?"

"तपासनिसाने बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "एक अक्षरही नाही. दोष दिसला की नोंदवायचा. मी नोंदवला. वही वाचायची की डब्यात डोकं घालायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

"सकाळी निदान..."

"सकाळी सांगितलं ना, बेसिनखाली ओलं आहे म्हणून."

आता हसणे मधोमध पोचले होते. फक्त शिंपीणबाई हसत नव्हत्या. "म्हणजे सोनं नाहीच?" त्यांनी विचारले, आणि काही खुर्च्या मागे सरकल्या. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पाच-सहा बाया उठून दाराकडे निघाल्यासुद्धा.

त्यांना मुख्याध्यापिकाबाईंनी थांबवले. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा गुलाबी, अशा अवस्थेत त्या उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलावे तसे बोलल्या. "बसा सगळ्या. ज्या घरात दोनशे एक्केचाळिसांतून एक खोटं पाकीट हाताच्या स्पर्शाने बाहेर निघतं, त्या घरचा माल मी डोळे मिटून चेहऱ्याला लावीन. माझी मागणी लिहून घ्या." त्यांनी उरलेला अर्धा चेहरा पुसला. दोन्ही गालांचा तुकतुकीतपणा मागच्या रांगेतूनही दिसत होता. बाया बसल्या.

मागण्या येऊ लागल्या. सूनबाईचा हात मागणीपत्रांवर भरभर चालत होता. परिचारिकेने एक मागणी दिली आणि जाता जाता काकांची नाडी पुन्हा पाहिली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दोन दिल्या. एक स्वतःसाठी आणि एक 'सोनं निघालंच तर' म्हणून. शिंपीणबाई सर्वांत शेवटी आल्या आणि उपकार केल्यासारखी सही करून गेल्या.

मग रांग संपली. विभागप्रमुख बाईंनी मोजले. पुन्हा मोजले. "चोवीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होते, पण नियम तो नियम.

सूनबाईने टेबलावरची कोरी मागणीपत्रे एकावर एक नीट रचायला घेतली. काकांनी आयुष्यात हजारो नग एका केसाच्या फरकाने नापास केले होते. नापास होणाऱ्याच्या बाजूने ते पहिल्यांदाच उभे होते, आणि ती भीती सकाळच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

शेवटच्या रांगेतून काकू उठल्या. विणकाम काखेत धरून त्या टेबलापाशी आल्या, मागणीपत्र ओढले आणि लिहू लागल्या. नाव : काकांचे. वापर : दर बुधवारी. त्वचेचा प्रकार : जाड.

"अगं, मी पुरुष माणूस," काका म्हणाले.

"नियमात कुठे लिहिलंय बाईच हवी?"

विभागप्रमुख बाईंनी नियम पाहिले. लिहिलेले नव्हते.

"लेप लावल्यावर वीस मिनिटं बोलायचं नाही," काकूंनी पेन काकांच्या हातात दिले. "एक अक्षरही नाही. करा सही."

काकांनी सही केली.

काकू अबोला धरतील, ही भीती मात्र खोटी ठरली. त्या रोज पूर्वीपेक्षा अधिकच बोलतात. बुधवारी तर पूर्ण वीस मिनिटे, सलग, काकांच्या पांढऱ्या चेहऱ्यासमोर खुर्ची ओढून. तिसऱ्या बुधवारी लेप धुतल्यावर काकांनी बेसिनखाली भिंग धरून ती बुजवलेली जागा तपासली. एका केसाचाही फरक नव्हता. मग त्यांनी नोंदवही उघडली आणि तळाशी, जिथे कारखान्यात निकाल लिहीत, तिथे लिहिले :

वाटलेली पाकिटे दोनशे चाळीस. सदोष शून्य. मागण्या पंचवीस.